फिरतीवरच्या माणसांचा मेल: सर्व्हर स्वतःचा ठेवावा की होस्टेड सेवा घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुर्भ्याला आपल्या सीमाशुल्क दलालीचे आणि मालवाहतुकीचे कार्यालय आहे. एकूण ४५ मेलबॉक्स आहेत, आणि त्यांपैकी ३० जण दिवसभर न्हावा शेवा, उरण, तळोजा, भिवंडी या पट्ट्यात फिरत असल्यामुळे मेल मोबाइलवरच पाहतात. कार्यालयातल्या एका यंत्रावर मेल पाठवणारा-स्वीकारणारा पोस्टफिक्स आणि तो मेल फोन-संगणकांना दाखवणारा डव्हकॉट हे प्रोग्रॅम चालतात. ते ज्या अभियंत्याने बसवले, तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. मेल उशिरा येतात अशी फिरतीवरच्या लोकांची तक्रार आहे, टेबलावर बसणाऱ्या हिशेब विभागाची मात्र काहीच तक्रार नाही, आणि होस्टेड सेवेचे, म्हणजे मेल दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचे, दोन-तीन प्रस्ताव आपल्यासमोर आले आहेत. आहे तोच सर्व्हर नीट करावा की मेल बाहेर सोपवावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आपल्या कामाचे स्वरूप पाहता सर्व ४५ मेलबॉक्स होस्टेड सेवेकडे न्यावेत. डोमेनची (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) मालकी आणि आतापर्यंतच्या मेलची संपूर्ण प्रत मात्र आपल्याच ताब्यात ठेवावी. मी २००३ पासून ठाणे, वाशी, बेलापूर भागातल्या लहान-मध्यम कंपन्यांचे मेल सर्व्हर बसवतो आणि सांभाळतो. त्यातली पहिली दहा-बारा वर्षे मी गिऱ्हाइकांना स्वतःचाच सर्व्हर ठेवा असे आग्रहाने सांगत असे, आणि त्या काळात तो सल्ला बरोबरही होता. तो बदलावा लागला, कारण माणसे मेल वाचण्यासाठी टेबलाशी येईनाशी झाली. मेल हातातल्या फोनवर गेल्यापासून सर्व्हर किती चांगला आहे यापेक्षा सर्व्हर आणि फोन यांच्यामधला शेवटचा टप्पा कोणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरू लागले.

आपल्या व्यवसायात हा उशीर किती महाग पडतो हे आपणांस ठाऊकच आहे, तरी कारण नेमके समजण्यासाठी त्याची नोंद करतो. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सीमाशुल्क खात्याने बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाच्या सीमाशुल्क घोषणापत्राची) अंतिम प्रत आणि गेट पास कागदावर देण्याऐवजी पीडीएफ करून ई-मेलने पाठवण्याची पद्धत सुरू केली. ती प्रत अकराला सर्व्हरवर येऊन पडली आणि यार्डाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला पावणेबाराला दिसली, तर मधला पाऊण तास ट्रेलर उभा, चालक उभा, आणि कार्यालयातून फोनवर फोन. कार्यालयातला संगणक तीच प्रत अकरा वाजून काही सेकंदांनी दाखवत असतो, म्हणून तिथल्यांना फिरतीवरच्यांची तक्रार अतिशयोक्त वाटते. दोघेही खरे बोलत असतात.

असे का होते ते थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण सगळा निर्णय इथेच होतो. आपला सर्व्हर फोनशी आयमॅप या पद्धतीने बोलतो. मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपची आखणी १९८६ साली केली, तेव्हा मेल वाचणारे यंत्र टेबलावर असे आणि तारेने जोडलेले असे. नवा मेल आल्याची वर्दी सर्व्हरने आपण होऊन द्यावी यासाठी १९९७ साली ‘आयडल’ नावाची जोड त्याला मिळाली. फोन सर्व्हरशी एक कनेक्शन उघडतो, ‘मी ऐकत बसलो आहे’ असे कळवतो, आणि सर्व्हर मेल येताच त्या उघड्या कनेक्शनवरून सांगतो. निष्क्रिय बसलेले कनेक्शन अर्ध्या तासाने तोडण्याची मुभा सर्व्हरला असल्यामुळे फोनने दर २९ मिनिटांच्या आत पुन्हा हाक द्यावी, असा त्या नियमाचा सल्ला आहे. कार्यालयाच्या वायफायवर हे उत्तम चालते.

मोबाइल डेटावर गोष्ट वेगळी होते. फोन कंपनीच्या जाळ्यात एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो फोन असतात आणि कोणते कनेक्शन कोणत्या फोनचे, याची वही मधल्या यंत्रात ठेवलेली असते. ज्या कनेक्शनवर बराच वेळ काही हालचाल नाही, त्याची नोंद ते यंत्र मुकाट्याने पुसून टाकते. फोनला वाटते कनेक्शन जिवंत आहे, सर्व्हरलाही तसेच वाटते, आणि गेट पासची वर्दी मधल्यामध्ये हरवते. माणसाने स्वतः ॲप उघडून खाली ओढले की नवे कनेक्शन होते आणि चार मेल एकदम येतात. ‘उघडल्यावर येतात, आपोआप येत नाहीत’ ही आपल्या लोकांनी केलेली तक्रार अगदी याच दुखण्याची खूण आहे.

यावर उपाय म्हणून डव्हकॉट मूळ सेटिंगप्रमाणे दर दोन मिनिटांनी ‘मी अजून इथे आहे’ असा लहानसा संदेश सगळ्या ऐकत बसलेल्या फोनांना पाठवतो. त्यामुळे मधल्या वहीतली नोंद टिकते, पण तासाला तीस वेळा फोनचा रेडिओ जागा होतो आणि दुपारी तीनपर्यंत बॅटरी उतरते. हा कालावधी वाढवता येतो आणि मी पूर्वी अनेक ठिकाणी तो २९ मिनिटांपर्यंत नेला आहे. तेव्हा बॅटरी टिकली आणि वर्दी पुन्हा हरवू लागली. कुठेतरी मधला आकडा धरून महिनाभर लोकांचे ऐकत बसणे, एवढेच हाती उरते. त्यात अँड्रॉइडने २०१५ साली सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ आणले आणि पुढच्याच आवृत्तीत ते खिशात हलत असलेल्या फोनलाही लागू केले. पडदा बंद असला की ॲपला जाळ्यापासून दूर ठेवायचे, हाच त्याचा हेतू. मेलच्या ॲपला बॅटरी बचतीतून सूट देता येते, परंतु ती ३० फोनांवर, प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या मेनूत जाऊन, हाताने द्यावी लागते.

आयफोनची अडचण आणखी मुळातली आहे. त्यातले मूळचे मेल ॲप आयडल वापरतच नाही. साध्या आयमॅप खात्यासाठी ते ठरावीक वेळाने जाऊन विचारते, आणि हा काळ कमीत कमी पंधरा मिनिटांचा आहे. सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर असेल, तर पडद्यामागे मेल आणण्याचे काम फोन चार्जिंगला असताना आणि वायफायवर असतानाच होते. उरणच्या रस्त्यावर मोबाइल डेटावर असलेल्या आयफोनला यातली कोणतीच सोय मिळत नाही. साध्या आयमॅपवर राहून आपल्या सर्व्हरमध्ये कितीही सुधारणा केली तरी हे बदलणार नाही.

होस्टेड सेवेला याच टप्प्यावर मोठा फायदा मिळतो. ॲपल आणि गूगल या दोघांचीही वर्दी पोहोचवण्याची स्वतःची वाहिनी असते. फोन त्यांच्याशी एकच कनेक्शन धरून ठेवतो आणि सगळ्या ॲपच्या वर्द्या त्यावरून येतात. ते कनेक्शन झोपलेल्या फोनलाही जागे करू शकते. होस्टेड सेवेचे स्वतःचे ॲप असेल, तर मेल आल्यावर त्यांचा सर्व्हर ॲपल किंवा गूगलला कळवतो आणि दोन-चार सेकंदांत फोन वाजतो. आपल्या डव्हकॉटला ॲपलच्या मूळ मेल ॲपसाठी ही वाहिनी वापरता येत नाही. पूर्वी ॲपलच्या स्वतःच्या सर्व्हर प्रणालीबरोबर ती सोय मिळत असे. ती प्रणाली एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली.

स्वतःच्या सर्व्हरला एक पर्याय उरतो, तो ॲक्टिव्हसिंकचा, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक्सचेंज २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ही पद्धत फोनसाठी आणली. फोन सर्व्हरला विचारतो, ‘काही नवे आहे का?’, आणि सर्व्हर लगेच ‘नाही’ म्हणण्याऐवजी तो प्रश्न हातात धरून ठेवतो. मेल आला की त्याच क्षणी उत्तर देतो. किती वेळ धरायचे ते फोन अनुभवाने ठरवतो. उत्तर नीट मिळत गेले की काळ वाढवतो, कनेक्शन मध्येच तुटले की कमी करतो. झी-पुश किंवा सोगो या प्रोग्रॅमांच्या साहाय्याने ही पद्धत आपल्या डव्हकॉटवरही बसवता येते आणि आयफोनवर मेल तत्काळ येऊ लागतो. मी ती पाच-सहा ठिकाणी बसवली आहे.

त्यातले ऐरोलीच्या एका अभियांत्रिकी कारखान्याचे काम आठवते. सगळे जुळवून दिले, कार्यालयात चाचणी उत्तम झाली, आणि आठवड्याभरात तक्रार आली की फोन गरम होतो आणि बॅटरी दुपारी संपते. मी तिथे जाऊन एक फोन वायफाय बंद करून टेबलावर उलटा ठेवला, शेजारी लॅपटॉपवर सर्व्हरचा लॉग (घडामोडींची नोंदवही) उघडला आणि नुसता पाहत बसलो. पहिली विचारणा आली, बरोबर पाच मिनिटांनी तुटली. दुसरी आली, पुन्हा तुटली. पुढच्या विचारण्या जवळजवळ येऊ लागल्या, कारण फोन बिचारा आपला काळ कमी कमी करत चालला होता. मेल सर्व्हर निर्दोष होता. कारखान्याच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी कनेक्शने गाळणाऱ्या यंत्रात) निष्क्रिय कनेक्शन ३०० सेकंदांनी तोडण्याची एक ओळ होती. ती अर्ध्या तासावर नेली आणि दुखणे संपले. ती एक ओळ सापडायला तीन दिवस लागले. हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडचा जाणता माणूस गेला आहे, आणि असा लॉग वाचत बसणारा माणूस घरात नसेल तर ॲक्टिव्हसिंक असूनही उपयोग होत नाही.

स्वतःचा सर्व्हर ठेवण्यामागे गोपनीयता हे कारण अनेक जण सांगतात आणि ते मला मनापासून मान्य आहे. मात्र त्यात एक मोठी फट राहते, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोनवर आऊटलुकचे ॲप घातले आणि त्यात आपल्या स्वतःच्या आयमॅप सर्व्हरचे खाते जोडले, तर ते ॲप आपल्या सर्व्हरशी थेट बोलत नाही. मायक्रोसॉफ्टची ढगातली (क्लाउड) यंत्रणा मध्ये बसते, तीच आपल्या सर्व्हरवरून मेल उचलते आणि फोनला देते. म्हणजे यंत्र तुर्भ्यात आणि मेलची प्रत दुसऱ्याकडे, अशी स्थिती होते. आपल्या ३० जणांपैकी कोणी कोणते ॲप घातले आहे याची यादी आज आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. ती नसेल, तर गोपनीयतेचा मुद्दा निर्णयात फार वजनाने धरता येणार नाही.

आता मेल पाठवण्याकडे येतो, कारण फिरतीवरचा माणूस यार्डातून कंटेनरच्या सीलचे फोटो आयातदाराला पाठवत असतो आणि ते पोहोचले नाहीत तर तेवढीच पंचाईत होते. फोनवरून निघालेला मेल आधी आपल्या सर्व्हरवर येतो आणि मग सर्व्हर तो जगाकडे पाठवतो. समोरचा सर्व्हर त्या वेळी आपली ओळख तपासतो. डीएनएस या इंटरनेटच्या नाव-पत्ता नोंदवहीत आपल्या आयपी पत्त्यावरून उलटे शोधल्यावर मिळणारे नाव बरोबर आहे का, एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनचा मेल पाठवण्याची मुभा असलेल्या पत्त्यांच्या यादीत, तो पत्ता आहे का, मेलवरची डीकिमची डिजिटल सही जुळते का, आणि या तपासण्या चुकल्यास मेलचे काय करावे याबद्दल आपला डीमार्क काय सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे नियम सर्वच पाठवणाऱ्यांना कडक केले आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कही सक्तीचा केला. मे २०२५ पासून आऊटलुक डॉट कॉमनेही मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी तोच मार्ग धरला. हे सर्व स्वतःच्या सर्व्हरवर करता येते आणि एका दिवसाचे काम आहे. तथापि कार्यालयाच्या ब्रॉडबँडचा पत्ता ज्या गटात मोडतो, तो गट अनेकदा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या धोरणयादीत मुळातच नोंदलेला असतो, कारण अशा पत्त्यांवरून थेट मेल निघणे अपेक्षितच नसते. भाड्याच्या क्लाउड यंत्रावर न्यावे, तर तिथे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुतेक मोठे पुरवठादार मुळातच बंद ठेवतात.

शिवाय पाठवणाऱ्या पत्त्याची पत कमवायला महिने लागतात आणि जायला एक रात्र पुरते. वागळे इस्टेटमधल्या एका गिऱ्हाइकाकडे एका विक्री प्रतिनिधीने कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवला होता. शुक्रवारी रात्री तो कोणीतरी ओळखला, आणि सोमवारी सकाळी मी पाहिले तेव्हा रांगेत हजारो मेल तुंबलेले होते आणि पत्ता काळ्या यादीत गेला होता. यादीतून नाव दोन दिवसांत निघाले, पण मोठ्या मेलसेवांकडे त्यांचे साधे कोटेशनसुद्धा पुढचे दोन-तीन आठवडे स्पॅममध्ये पडत राहिले. होस्टेड सेवेतही पासवर्ड चोरीला जातो, मात्र तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची करता येते, आणि असामान्य प्रमाणात मेल निघू लागले की सेवाच ते खाते रोखते. शनिवारी मध्यरात्री हे पाहणारे कोणीतरी असते, ही त्या दरमहा शुल्कातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मेलला जोडलेल्या फाइलच्या आकाराबद्दल एवढेच सांगतो की जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि मेलमध्ये गुंडाळताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. आपल्या सर्व्हरवर मर्यादा कितीही वाढवली, तरी समोरच्याची मर्यादा लागू होते. फोटो लहान करून पाठवण्याची सवय लावणे हाच उपाय, दोन्हीकडे सारखाच.

वीज आणि इंटरनेट जोडणी यांबद्दल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली आणि कित्येक भागांत ती परत यायला काही तास लागले. त्या दिवशी मला सर्वाधिक फोन आले ते ‘आमचे मेल गेले का?’ असे विचारणारे. मेल जात नाहीत. समोरचा सर्व्हर न पोहोचलेला मेल रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ही एसएमटीपीची, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांकडे मेल पोहोचवण्याच्या पद्धतीची, फार भक्कम बाजू आहे. अडचण होते ती फिरतीवरच्या माणसाची. कार्यालय अंधारात असते, पण बंदर चालू असते, आणि त्याला कालचा डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा आदेश) उघडून दाखवायचा असतो. तो मेल अंधारातल्या यंत्रावर पडलेला असतो. ज्यांचे कर्मचारी कार्यालयातच बसतात, त्यांच्यासाठी वीज गेल्यावर मेल बंद पडणे फारसे मोठे नाही, कारण कामच थांबलेले असते. आपल्यासाठी ते मोठे आहे. महापे किंवा रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये यंत्र ठेवून ही अडचण सुटते, पण वर सांगितलेल्या वर्दीच्या आणि देखभालीच्या अडचणी तशाच राहतात.

फोन हरवण्याचा विचार निर्णयाच्या वेळी कोणी करत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्थानकात गर्दीत गाडीत चढताना आपल्या माणसाचा फोन गेला असे धरा. संचार साथी संकेतस्थळावर तक्रार देऊन तो हँडसेट मोबाइल जाळ्यातून बंद करता येतो आणि ते जरूर करावे. तरीही तो फोन एखाद्या वायफायवर चालूच राहतो आणि त्यातले मेल खाते उघडे असते. स्वतःच्या सर्व्हरवर आपण पासवर्ड बदलता आणि काम झाले असे समजता. वस्तुतः आधीपासून उघडे असलेले आयमॅप कनेक्शन पासवर्ड बदलल्याने तुटत नाही. डव्हकॉटमध्ये त्या वापरकर्त्याला ‘किक’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. फोनवर उतरलेले मेल तर ॲक्टिव्हसिंक किंवा तत्सम व्यवस्था असल्याशिवाय पुसता येतच नाहीत. ही आज्ञा रात्री सात वाजता देणारा माणूस आपल्याकडे आज कोण आहे? होस्टेड सेवेत व्यवस्थापकाच्या फलकावरून (ॲडमिन पॅनेलवरून) त्या खात्याला सर्व उपकरणांवरून बाहेर काढता येते, कंपनीचे खाते फोनवरून पुसता येते, आणि हे आपण स्वतः घरी बसून आपल्या मोबाइलवरून करू शकता. मात्र त्यासाठी व्यवस्थापकाची दोन खाती असावीत आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडे असावीत. पडताळणीचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्याच्या क्रमांकावर जातो, अशा दोन कंपन्या मी गेल्या वर्षभरात पाहिल्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संकेतस्थळाच्या जागेबरोबर फुकट मिळणाऱ्या मेलबॉक्सना आपल्याकडे सर्रास ‘होस्टेड मेल’ म्हणतात. आपल्यासमोरच्या प्रस्तावांपैकी सर्वांत स्वस्त प्रस्ताव बहुधा त्याच जातीचा असेल. त्यात फोनसाठी तेच साधे आयमॅप असते, म्हणजे वर्दीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, आणि पाठवण्याचा आयपी पत्ता शेकडो अनोळखी संकेतस्थळांबरोबर वाटून घेतलेला असतो. त्यांपैकी एकाने स्पॅम पाठवला की आपले मेल अडतात. स्वतःच्या सर्व्हरचे सगळे तोटे आणि वर ताबा नाही, असा तो प्रकार आहे. माझ्या मते आपल्यासारख्या व्यवसायाने तो घेऊच नये. त्यापेक्षा आजचा सर्व्हर बरा.

खऱ्या अर्थाने होस्टेड म्हणावेत असे पर्याय म्हणजे गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि चेन्नईच्या झोहोची मेलसेवा. तिन्हींची स्वतःची मोबाइल ॲप आहेत. त्यांपैकी कोणती घ्यावी हे आपल्या लोकांच्या हातातले फोन ठरवतील. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डाने मेलला जोडणे बंद करत आणले आणि गूगलनेही वर्कस्पेससाठी २०२५ मध्ये तो मार्ग बंद केला, त्यामुळे सहा-सात वर्षांपूर्वीच्या फोनमधली जुनी मेल ॲप कदाचित जोडलीच जाणार नाहीत. आधी सर्व ३० फोनांची नावे आणि आवृत्त्या कागदावर घ्याव्यात.

नंतर चाचणी करावी, आणि ती कार्यालयात करू नये. प्रत्येक सेवेचे एकेक चाचणी खाते घेऊन एक अँड्रॉइड आणि एक आयफोन तयार करावा, वायफाय बंद ठेवावे, आणि एखाद्या माणसाने दोन्ही फोन खिशात घालून नेरुळहून उरणच्या लोकलने जाऊन यावे. कार्यालयातून कोणीतरी दर दहा मिनिटांनी एक मेल पाठवावा व विषयाच्या जागी पाठवण्याची वेळ लिहावी. फोन वाजला तेव्हाची वेळ त्या माणसाने वहीत टिपावी, ॲप स्वतःहून उघडू नये. आजच्या सर्व्हरचेही एक खाते त्याच फोनांवर ठेवावे. तीन-साडेतीन तासांत आपल्यासमोर जो तक्ता येईल, तो कोणत्याही विक्रेत्याच्या सादरीकरणापेक्षा आणि माझ्या या उत्तरापेक्षाही अधिक खरा असेल.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. होस्टेड सेवेचे शुल्क दर मेलबॉक्सवर असल्यामुळे ते डोळ्यांत भरते. स्वतःच्या सर्व्हरचा खर्च यंत्र, बॅटरी, स्थिर पत्ता, बॅकअप आणि जाणत्या माणसाचे तास यांत विखुरलेला असतो, म्हणून तो कमी वाटतो. फक्त फिरतीवरचे ३० होस्टेडवर आणि बाकीचे १५ स्वतःच्या यंत्रावर, अशी वाटणी एकाच डोमेनवर करता येते, आणि तसे सुचवणारेही आपणांस भेटतील. मी ती टाळतो. एसपीएफ दोन्हीकडचा सांभाळावा लागतो, माणूस टेबलावरून फिरतीवर गेला की त्याचा मेलबॉक्स हलवावा लागतो, आणि एखाद्या चुकीच्या नोंदीने मेल दोन सर्व्हरांमध्ये फिरत राहतो. वाचलेले पैसे त्या गोंधळात जातात.

स्वतःचा सर्व्हर ज्यांनी जरूर ठेवावा अशा संस्थाही आहेत. ज्यांच्याकडे मेल सांभाळणारी किमान दोन प्रशिक्षित माणसे आहेत, ज्यांच्या करारातच मजकूर स्वतःच्या आवारात ठेवण्याची अट आहे, किंवा ज्यांचे बहुतेक लोक एकाच आवारात बसतात, त्यांना मी आजही तोच सल्ला देतो. अशांनी एवढे ध्यानात ठेवावे की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. होस्टेड घेतल्याने आपली जबाबदारी पूर्णपणे संपते असेही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ज्याने माहिती गोळा केली त्याच्यावरच मुख्य दायित्व आहे, ती साठवायला कोणालाही दिली तरी.

होस्टेडवर गेल्यावर दोन गोष्टी हातातून सुटू देऊ नका. पहिली डोमेन. कोपरखैरण्याच्या एका व्यापाऱ्याचे डोमेन सेवा विकणाऱ्या मध्यस्थाने स्वतःच्या नावावर नोंदवले होते, आणि सेवा बदलायची वेळ आली तेव्हा त्या व्यापाऱ्याला पंधरा वर्षे वापरलेला स्वतःचा पत्ता परत मिळवण्यासाठी चार महिने झगडावे लागले. नोंदणी कंपनीच्या नावावर, नूतनीकरणाची सूचना मालकाच्या खाजगी मेलवर, आणि डीएनएसचा पासवर्ड तिजोरीत, असे असावे. दुसरी गोष्ट बॅकअप. कोणी नोकरी सोडली आणि त्याचे खाते घाईने काढून टाकले, तर वर्कस्पेसमध्ये ते परत आणण्याची मुदत २० दिवसांची आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांची आहे. त्यानंतर जुन्या बिल ऑफ एंट्रीबद्दल नोटीस आली, तर शोधायला काही उरत नाही. आपले आजचे डव्हकॉटचे यंत्र फेकू नका. बाहेरून कोणाला दिसणार नाही असे आतल्या जाळ्यात ठेवून होस्टेडवरच्या मेलची रोजची प्रत त्यावर घेत जा. त्या यंत्राचा हा उपयोग मला फार आवडतो, कारण तिथे उशीर झाला तरी कोणाचा ट्रेलर अडत नाही.

स्थलांतर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करू नये. आपला मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते; इतरांनी ती जपून ठेवण्याची मुदत आठवडाभर आधी ३०० सेकंदांवर आणावी. जुने मेल ‘आयमॅपसिंक’ या मेल-नकल करणाऱ्या प्रोग्रॅमने आधीच नव्या खात्यांत भरून ठेवावेत, म्हणजे शनिवारी रात्री नोंद बदलल्यावर फक्त शेवटच्या दोन दिवसांचे उरतात. रविवारी सर्वांना फोन घेऊन बोलवावे आणि नवे खाते घालण्याआधी जुने खाते प्रत्येक फोनवरून काढून टाकावे. ते राहिले तर माणूस सवयीने त्यातूनच मेल पाठवतो आणि तो नव्या एसपीएफला जुळत नाही. जुना सर्व्हर मात्र किमान आठवडाभर मेल स्वीकारत ठेवावा, कारण काही पाठवणाऱ्यांकडे जुनी नोंद जपून ठेवलेली असते आणि काहींच्या रांगेत पाच दिवसांपर्यंतचे मेल असतात. त्या यंत्राचा लॉग रोज सकाळी पाहावा, त्यावर पडलेला प्रत्येक मेल नव्या खात्याकडे वळवावा, आणि सलग दोन कामाचे दिवस एकही नवा मेल आला नाही, की मगच त्याचे बाहेरचे दार बंद करावे.